टाळूच्या शिवणीतील ई-कॅडहेरिन: उंदराच्या गर्भाचा छेद घेण्यापासून निष्कर्ष लिहिण्यापर्यंतची क्रमवार पद्धत

‘शिवणीत ई-कॅडहेरिनचा सिग्नल दिसला नाही, म्हणजे ते प्रथिन घटले’ अशा अर्थाचे वाक्य टाळूच्या विकासावरील विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत वारंवार आढळते. सोबतची छायाचित्रे नीट पाहिली, तर पुष्कळदा तो छेद भलत्याच पातळीवर घेतलेला असतो, किंवा गर्भाचे वय अपेक्षेपेक्षा पुढे गेलेले असते, किंवा अभिस्तरच (पृष्ठभागावरचा पेशींचा थर) सुरीने ओरबाडला गेलेला असतो. पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणाऱ्या ई-कॅडहेरिनसारख्या रेणूंचा अभ्यास करताना सिग्नलच्या अभावाला पुरावा मानायचे असेल, तर त्या जागी पेशी होत्या, त्या योग्य वयाच्या होत्या आणि प्रथिनाला चिकटून ते दाखवणारी अँटिबॉडी तिथपर्यंत पोहोचली होती, या तीन गोष्टी आधी सिद्ध कराव्या लागतात. पुढील सर्व टप्पे याच हेतूने आणि याच क्रमाने मांडलेले आहेत.

विषयाची मर्यादा सुरुवातीलाच स्पष्ट करतो. हा लेख उंदराच्या दुय्यम टाळूपुरता आहे. गर्भदिन ११.५ च्या सुमारास वरच्या जबड्याच्या उंचवट्यांतून टाळूचे दोन फलक फुटतात, जिभेच्या दोन्ही बाजूंना खाली लोंबत वाढतात, गर्भदिन १४ ते १४.५ च्या दरम्यान जिभेच्या वर आडवे होतात आणि मध्यरेषेवर एकमेकांना टेकतात. त्यांच्या कडांवरच्या अभिस्तरांची मिळून मध्यशिवण बनते आणि गर्भदिन १५.५ पर्यंत ती बहुतांशी विरून गेलेली असते. ज्या अवस्था टिपायच्या आहेत त्यांच्यासाठी साधारण एका दिवसाचाच अवधी मिळतो, आणि बहुतेक चुकांचे मूळ या अल्प अवधीतच आहे.

टप्पा १: प्रश्न, परवानगी आणि अँटिबॉडी

प्राणी हाताळण्यापूर्वी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची लेखी मंजुरी हवी. भारतात ही व्यवस्था १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली चालते. मंजुरीच्या अर्जात गर्भांची संख्या आणि वयाचे टप्पे लिहावे लागतात, त्यामुळे प्रयोगाची आखणी तिथेच पक्की करावी. ‘गर्भदिन १४.५’ एवढेच न लिहिता १३.५, १४.०, १४.५, १५.० आणि १५.५ असे पाच टप्पे मागावेत. १४.० आणि १५.० हे मधले टप्पे वगळले, तर शिवण बनताना आणि विरताना काय घडते ते दिसतच नाही.

ई-कॅडहेरिन पेशीच्या आवरणातून आरपार जाते. त्याचा बाहेरचा भाग शेजारच्या पेशीवरील ई-कॅडहेरिनला कॅल्शियमच्या साहाय्याने धरतो, तर आतला भाग कॅटेनिन प्रथिनांमार्फत अ‍ॅक्टिनच्या तंतूंशी जोडलेला असतो. त्यामुळे अँटिबॉडी बाहेरच्या भागाला चिकटते की आतल्या, हे माहितीपत्रकात आधी पाहावे. या प्रथिनाचा बाहेरचा भाग विकरांनी तुटून सुटा होऊ शकतो आणि आतला तुकडा काही काळ पेशीतच राहतो. म्हणून दोन वेगळ्या अँटिबॉडींनी एकाच छेदात दोन वेगळी चित्रे दिसणे शक्य आहे, आणि त्यांपैकी कोणतेही चुकीचे असेलच असे नाही.

दुसरी अडचण यजमान प्राण्याची आहे. उंदराच्या ऊतीवर उंदरातच बनवलेली अँटिबॉडी वापरली, तर दुय्यम अँटिबॉडी (पहिल्या, म्हणजे प्राथमिक अँटिबॉडीला चिकटून चमकणारी) ऊतीतल्या मूळच्या इम्युनोग्लोब्युलिनलाही, म्हणजे उंदराच्या स्वतःच्या अँटिबॉडींनाही, चिकटते आणि संपूर्ण मेसेन्काइम (अभिस्तराखालची सैल ऊती) उजळून निघते. आईच्या अँटिबॉडी गर्भात पोहोचत असल्यामुळे गर्भाची ऊतीही याला अपवाद नाही. उंदरासाठी घूस (इंग्रजीत रॅट) किंवा ससा या प्राण्यांत बनवलेली अँटिबॉडी निवडावी. ती घुशीतली असेल, तर दुय्यम अँटिबॉडी उंदराच्या प्रथिनांवर शोषून शुद्ध केलेली असल्याची खात्री करावी, कारण घूस आणि उंदीर यांची इम्युनोग्लोब्युलिने एकमेकांशी बरीच मिळतीजुळती असतात.

ई-कॅडहेरिनच्या जोडीला अभिस्तराची स्वतंत्र खूण दाखवणारी दुसरी अँटिबॉडी अपरिहार्य आहे. केराटिन १४ हा त्यासाठी चांगला पर्याय आहे. बरेच जण सवयीने पी६३ हे अभिस्तराच्या पेशींच्या केंद्रकातले प्रथिन घेतात, परंतु फलक एकमेकांना भिडण्याच्या सुमारास कडेच्या अभिस्तरात पी६३ स्वतःच घटते. ज्या पेशींचे अस्तित्व सिद्ध करायचे आहे, नेमक्या त्यांतच ही खूण पुसट होते. तिसरा रंग उपलब्ध असेल, तर तळपटल (अभिस्तराखालचा पातळ पडदा) दाखवण्यासाठी त्यातले लॅमिनिन घ्यावे.

तपासणी: दोन्ही प्राथमिक अँटिबॉडी वेगवेगळ्या प्राण्यांत बनवलेल्या आहेत का, आणि अवरोधनासाठी (अँटिबॉडी भलत्या जागी चिकटू नये म्हणून) घेतलेला सीरम दुय्यम अँटिबॉडी ज्या प्राण्यात बनली त्याच प्राण्याचा आहे का, हे कागदावर लिहून पडताळावे.

टप्पा २: गर्भाचे वय दोनदा ठरवणे

संभोगानंतर मादीच्या योनिमार्गात दिसणाऱ्या पांढुरक्या गुठळीला प्रयोगशाळेत सर्वजण प्लग म्हणतात. प्लग ज्या सकाळी दिसला, त्या दिवसाची दुपार म्हणजे गर्भदिन ०.५. हा हिशेब सर्वांना पाठ असतो; चूक होते ती पुढे, त्यालाच अंतिम सत्य मानण्यात. संभोग रात्री नेमका कधी झाला हे प्लगवरून कळत नाही, एकाच मादीच्या पोटातील पिल्ले काही तासांनी मागेपुढे असतात, आणि टाळूचे फलक आडवे होण्याची वेळ उंदरांच्या वाणानुसार बदलते. सी५७ ब्लॅक ६ वरच्या वेळा स्विस उंदरांवर जशाच्या तशा लावता येत नाहीत.

म्हणून प्रत्येक गर्भाचे वय त्याच्या शरीरावरून पुन्हा ठरवावे, आणि त्यासाठी पुढच्या पायांचा पंजा सर्वांत सोयीचा आहे. गर्भदिन १३ च्या आसपास पंजाच्या कडेला बोटांमध्ये खाचा पडू लागतात, १४ च्या सुमारास बोटांची टोके सुटी होतात आणि १५ च्या सुमारास बोटे स्पष्टपणे वेगळी दिसतात. पंजाचे छायाचित्र डोके वेगळे करण्यापूर्वी काढावे आणि त्याला डोक्याच्या नळीचाच क्रमांक द्यावा. हे एक छायाचित्र नसल्यामुळे पुढचे सगळे काम शंकास्पद ठरलेले मी पाहिले आहे, आणि त्यावर नंतर कोणताही उपाय नसतो.

सावधान: उत्परिवर्तित गर्भाची तुलना त्याच मादीच्या पोटातील सामान्य भावंडाशीच करावी. उत्परिवर्तनामुळे संपूर्ण गर्भाची वाढच मागे पडली असेल, तर फलक उशिरा आडवे होतात आणि तो निव्वळ उशीर ‘आसंजनातील (पेशी एकमेकींना चिकटण्यातील) दोष’ म्हणून नोंदला जातो.

टप्पा ३: विच्छेदन आणि स्थिरीकरण

मादीला समितीने मंजूर केलेल्या पद्धतीनेच वेदनारहित मृत्यू द्यावा. गर्भाशय काढल्यावर बर्फावर ठेवलेल्या, कॅल्शियम असलेल्या हँक्स द्रावणात गर्भ सोडवावेत. कॅल्शियम नसलेले फॉस्फेट बफर किंवा ईडीटीए (कॅल्शियम बांधून घेणारे रसायन) असलेले कोणतेही द्रावण या पायरीवर वापरू नये. कॅल्शियम काढून घेतले की कॅडहेरिनची पकड सैल होते, बाहेरचा भाग विकरांसमोर उघडा पडतो, आणि ज्याचे निरीक्षण करायचे तेच आपल्या हाताने विस्कटले जाते.

डोके मानेपासून वेगळे करावे, पण तोंड उघडू नये. खालचा जबडा किंवा जीभ आधी काढण्याचा मोह टाळावा. लोंबणाऱ्या फलकांच्या मधून जीभ निघाली की ते आपोआप वर सरकू शकतात, आणि नुकतेच टेकलेले फलक एवढ्याशा ताणाने सुटतात. दोन्ही वेळी छेदात दिसणारी स्थिती गर्भातली नसून चिमट्याने घडवलेली असते.

स्थिरीकरणासाठी ताजे बनवलेले ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, ४ अंश सेल्सिअस तापमान आणि डोक्याच्या आकारमानाच्या किमान दहापट द्रावण पुरेसे होते. वेळ दोन ते चार तास ठेवावी. रात्रभर ठेवल्याने बिघडतेच असे नाही, पण बाहेरच्या भागाला चिकटणाऱ्या अनेक अँटिबॉडी दीर्घ स्थिरीकरणानंतर फिक्या पडतात. जी वेळ एका डोक्याला दिली, तीच सर्व डोक्यांना द्यावी.

दंतवैद्यकाच्या प्रयोगशाळांत एक सवय इतकी मुरलेली असते की तिचा वेगळा उल्लेख आवश्यक वाटतो. जबडा दिसला की तो खनिजरहित करण्यासाठी ईडीटीएमध्ये आठवडाभर ठेवला जातो. गर्भदिन १५.५ पर्यंतच्या डोक्याला याची काहीच गरज नसते. हाडे नुकतीच बनू लागलेली असतात आणि सुरी त्यांतून सहज जाते.

तपासणी: स्थिरीकरणानंतर डोके बफरमध्ये धुऊन सूक्ष्मदर्शीखाली पाहावे. दोन्ही डोळे, थुंटी (तोंड-नाकाचा पुढे आलेला भाग) आणि खालचा जबडा मूळ जागी व न दबलेले असावेत. दबलेले डोके इथेच वगळावे.

टप्पा ४: गोठवणे, दिशा धरणे आणि छेद घेणे

डोके आधी १५ टक्के आणि मग ३० टक्के साखरेच्या द्रावणात ४ अंशांवर ठेवावे. ते तळाशी बसले की पाणी निघून साखर आत गेली असे समजावे. घाईने तरंगते डोके गोठवले, तर बर्फाचे स्फटिक अभिस्तराला मेसेन्काइमपासून सोडवतात आणि शिवणीच्या कडेला काळ्या फटी दिसू लागतात.

आता सर्वांत नाजूक काम, म्हणजे दिशा धरणे. छेद चेहऱ्याला समांतर हवेत, म्हणजे प्रत्येकात नाकाची भिंत, टाळूचे दोन्ही फलक, जीभ आणि खालचा जबडा वरून खाली या क्रमाने दिसले पाहिजेत. ओसीटी (गोठवून छेद घेण्यासाठीचे घट्टसर माध्यम) भरलेल्या साच्यात थुंटी खाली करून डोके उभे ठेवावे, दोन्ही डोळे साच्याच्या एका बाजूला समांतर आणावेत, साच्यावर कोणती बाजू पाठीची हे लिहावे आणि मगच गोठवावे. डोके काही अंशांनी कलले, तर एकाच छेदात उजवा फलक पुढच्या भागातला आणि डावा मागच्या भागातला येतो. असा तिरपा छेद पाहून एका बाजूला ई-कॅडहेरिन जास्त आणि दुसरीकडे कमी असल्याचा निष्कर्ष काढणे किती सोपे आहे, ते सांगायला नको.

सुरुवातीचे काही छेद रंजनाविनाच पाहावेत. दोन्ही डोळ्यांची भिंगे किंवा दोन्ही बाजूंचे पहिल्या दाढेचे अंकुर एकाच छेदात सारख्या आकाराचे दिसत नसतील, तर ठोकळ्याचा कोन बदलावा.

छेदाची जाडी १० मायक्रॉन ठेवावी आणि छेद काचपट्ट्यांवर वाटून लावावेत. दहा पट्ट्या ओळीने मांडून पहिला छेद पहिल्या पट्टीवर, दुसरा दुसऱ्या, आणि अकरावा पुन्हा पहिल्या पट्टीवर, असा क्रम धरला की प्रत्येक पट्टीवर १०० मायक्रॉनच्या अंतराने पुढपासून मागपर्यंतची संपूर्ण टाळू येते. सलग वीस छेद एकाच पट्टीवर लावण्याची पद्धत सोपी असली तरी इथे निरुपयोगी आहे, कारण टाळूचे दोन्ही फलक सगळीकडे एकाच वेळी टेकत नाहीत. पहिला स्पर्श मधल्या-पुढच्या भागात होतो आणि तिथून मीलन पुढे व मागे पसरते. एकाच गर्भात एका पातळीवर शिवण विरत असते आणि दुसऱ्या पातळीवर ती अजून बनलेलीही नसते.

पातळी ओळखण्याच्या खुणा अशा आहेत. पुढच्या भागात नाकाच्या भिंतीच्या तळाशी दोन्ही बाजूंना याकोबसनचे अवयव (वास ओळखणाऱ्या छोट्या नळ्या) दिसतात. मधल्या भागात दाढांचे अंकुर आणि डोळे एकत्र येतात. मागच्या भागात नाकाची भिंत फलकांपासून दूर जाते आणि पुढे दिसेनाशी होते. प्रत्येक छायाचित्राच्या नावात यांपैकी एक पातळी लिहिलेली असलीच पाहिजे.

टप्पा ५: रंजन

क्रम ठरलेला आहे आणि फारसा वादग्रस्तही नाही. छेद खोलीच्या तापमानाला अर्धा ते एक तास वाळवावेत आणि १ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घातलेल्या ट्रिस बफरमध्ये भिजवावेत. फॉस्फेट बफरमध्ये कॅल्शियम घातल्यास गाळ बसू शकतो, म्हणून ट्रिस. पेशीचे आवरण सच्छिद्र करणाऱ्या ०.१ टक्के ट्रायटनमध्ये दहा मिनिटे, ५ टक्के सीरम व १ टक्का अल्ब्युमिनमध्ये एक तास, प्राथमिक अँटिबॉडींमध्ये ४ अंशांवर रात्रभर, दहा-दहा मिनिटांचे तीन धुणे, दुय्यम अँटिबॉडींमध्ये अंधारात एक तास, पुन्हा तीन धुणे, शेवटी डॅपी (केंद्रके दाखवणारा रंग) आणि आच्छादक काच.

मेणातले छेद वापरायचे असतील, तर पीएच ६ च्या सायट्रेट बफरमध्ये सुमारे ९५ अंशांवर १५ ते २० मिनिटे तापवून प्रतिजन पुन्हा उघडे करावे लागते. बाहेरच्या भागाच्या काही अँटिबॉडी यानंतरही काम करत नाहीत. तेव्हा आतल्या भागाची निवडावी.

प्रत्येक फेरीत एक पट्टी प्राथमिक अँटिबॉडीविना ठेवावी. तिच्यावर जे चमकते ते वजा करून बाकीचे वाचायचे असते. टाळूच्या मेसेन्काइममधील तांबड्या रक्तपेशी स्वतःच चमकतात आणि शिवणीच्या आसपास त्या विखुरलेल्या पाहून विरणाऱ्या शिवणीची ‘बेटे’ समजली जातात. केंद्रकाची डॅपी-खूण आणि केराटिन १४ या दोन्ही खुणा एकत्र दिसत नसतील, तर ते बेट नव्हे.

तपासणी: त्याच छेदातील जिभेच्या वरच्या पृष्ठभागाचा अभिस्तर आणि दाताचा अंकुर पाहावा. तिथे ई-कॅडहेरिन पेशींच्या कडांवर जाळीसारखे उठून दिसले आणि मेसेन्काइम काळे राहिले, तरच शिवणीकडे वळावे. ही आतली खूण फसली असेल, तर शिवणीबद्दल कोणतेही विधान करता येत नाही.

टप्पा ६: प्रतिमा घेणे

कॉन्फोकल सूक्ष्मदर्शीची सेटिंग सर्वांत तेजस्वी छेदावर, बहुधा जिभेच्या अभिस्तरावर, अशी बसवावी की एकही बिंदू संपृक्त होणार नाही. त्यानंतर ती सर्व छेदांसाठी तशीच ठेवावी. अंधूक शिवण ‘नीट दिसावी’ म्हणून लेसर वाढवला, की तुलना तिथेच संपते.

टप्पा ७: चित्र वाचणे

सामान्य गर्भात अपेक्षित क्रम असा असतो. स्पर्शापूर्वी कडेच्या अभिस्तरावर पेरिडर्म नावाचा चपट्या पेशींचा थर असतो. तो फलकांना जिभेशी किंवा इतर भलत्या पृष्ठभागांशी वेळेआधी चिकटू देत नाही. आयआरएफ६ या जनुकाचे काम बिघडले की अशी अनिष्ट चिकटणे तोंडभर दिसतात. स्पर्शाच्या सुमारास पेरिडर्म मध्यरेषेवरून दूर होतो, कडेच्या पेशी समोरच्या कडेच्या पेशींशी ई-कॅडहेरिनने जोडल्या जातात आणि शिवण बनते. मग ती पातळ होते, मधेमधे तुटून बेटांत विभागते, आणि तोंडाकडच्या व नाकाकडच्या टोकांना अभिस्तराचे दोन त्रिकोण थोडे जास्त वेळ टिकतात.

यावरून लक्षात यावे की ई-कॅडहेरिन या प्रक्रियेत दोन वेळा महत्त्वाचे आहे आणि दोन्ही वेळी उलट अर्थाने. आधी ते असावे लागते, म्हणजे शिवण बनेल. नंतर त्याची पकड सुटावी लागते, म्हणजे शिवण विरेल. नुसते ‘वाढले’ किंवा ‘घटले’ हे शब्द अवस्थेचा उल्लेख केल्याविना निरर्थक आहेत.

चित्र समोर आल्यावर प्रश्न याच क्रमाने विचारावेत.

पहिला प्रश्न: त्या जागी केराटिन १४ आहे का? नसेल, तर अभिस्तरच नाही, आणि ई-कॅडहेरिनच्या अभावाला वेगळा अर्थ नाही.

दुसरा प्रश्न: फलक एकमेकांना टेकलेले नसतील, तर ती खरी दुभंगलेली टाळू आहे की सुरीने फाटलेली शिवण? खऱ्या दुभंगात फलकाचे टोक गोलसर असते आणि त्यावर अखंड अभिस्तर असतो. फाटलेल्या शिवणीत दोन्ही कडा खडबडीत असतात, अभिस्तराचे तुकडे एकाच बाजूला गेलेले असतात, आणि शेजारच्या छेदांत शिवण पुन्हा जुळलेली दिसते. शेजारचे दोन छेद पाहिल्याविना हा प्रश्न सुटत नाही.

तिसरा प्रश्न: केराटिन १४ आहे आणि ई-कॅडहेरिन नाही, तर ते नाहीसे झाले आहे की पेशीच्या कडेवरून आत ओढले गेले आहे? आत ओढलेले ई-कॅडहेरिन पेशीद्रवात ठिपक्यांसारखे दिसते. प्रमाण तेच, पण जागा बदललेली, असे असू शकते, आणि पकड सैल होण्यास तेवढे पुरेसे आहे.

चौथा प्रश्न: लॅमिनिनची रेषा अखंड आहे का? तळपटल शाबूत असताना शिवणीतील पेशी मेसेन्काइममध्ये मिसळल्या असे लिहिणे घाईचे ठरते.

सावधान: ई-कॅडहेरिन घटले म्हणून अभिस्तराच्या पेशींचे मेसेन्काइममध्ये रूपांतर झाले, हा निष्कर्ष केवळ रंजनावरून कधीही काढू नये. शिवण नाहीशी होण्यामागे पेशींचा नियोजित मृत्यू, त्यांचे तोंडाकडे किंवा नाकाकडे सरकणे आणि आकुंचनाने बाहेर ढकलले जाणे यांचे पुरावे आहेत. रूपांतराबाबत पेशींचा वंश शोधणाऱ्या प्रयोगांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळलेले नाहीत. त्या निष्कर्षासाठी वंशखूण केलेले उंदीर हवेत. निदान छेदित कॅस्पेज-३ चे (नियोजित मृत्यूची खूण असलेल्या, तुटून सक्रिय झालेल्या विकराचे) रंजन तरी जोडावे.

टीजीएफ-बीटा-३ हे संकेत देणारे प्रथिन नसलेल्या उंदरांचे उदाहरण इथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्यांचे फलक वाढतात, आडवे होतात, एकमेकांजवळही येतात, तरीही टाळू दुभंगलेलीच राहते, कारण कडेचा अभिस्तर आसंजनासाठी तयार झालेला नसतो. असा गर्भ केवळ ई-कॅडहेरिनने रंगवला, तर कडांवर ते भरपूर दिसेल आणि ‘आसंजन रेणू आहे, मग दोष कुठे?’ असा प्रश्न पडेल. उत्तर पेरिडर्ममध्ये शोधावे लागते, आणि त्यासाठी केराटिन १७ सारखी पेरिडर्मची खूण लागते.

टप्पा ८: मोजणे आणि लिहिणे

शिवणीची सीमा केराटिन १४ च्या चित्रावर आखावी, ई-कॅडहेरिनच्या चित्रावर नव्हे. अन्यथा जिथे सिग्नल आहे तेवढाच भाग मोजला जातो आणि घट कधीच दिसत नाही. मिळालेली तीव्रता त्याच छेदातील तोंडाच्या अभिस्तराच्या तीव्रतेने भागावी. मोजणाऱ्याला गर्भाचा जनुकप्रकार माहीत नसावा. संख्याशास्त्रात एकक गर्भ असतो, छेद नव्हे. एका गर्भाचे तीस छेद हे तीस नमुने होत नाहीत, आणि सर्व गर्भ एकाच मादीचे असतील तर तेही पुरेसे स्वतंत्र नसतात; किमान तीन मादींची पिल्ले घ्यावीत.

लिहिताना प्रत्येक चित्राखाली पंजावरून ठरवलेले वय, टाळूतील पातळी, अँटिबॉडी कोणत्या भागाची आणि स्थिरीकरणाची वेळ या चार गोष्टी द्याव्यात. उंदरातील निष्कर्ष माणसावर नेताना विशेष जपावे. नेक्टिन-१ या आसंजन रेणूच्या जनुकातील दोषाने माणसात ओठ व टाळू दुभंगणारा विकार होतो, पण तेच जनुक काढून टाकलेल्या उंदरांत डोळ्यांचे आणि दंतवल्काचे दोष दिसूनही टाळू मात्र जुळलेली असते. ई-कॅडहेरिनच्या सीडीएच१ जनुकातील बदल माणसात काही कुटुंबांत ओठ-टाळूच्या दुभंगाशी जोडलेले आहेत. तरीही उंदराच्या शिवणीतील एका चित्रावरून रुग्णाच्या दुभंगाचे कारण सांगता येत नाही, आणि प्रबंधाच्या चर्चेच्या प्रकरणात ही मर्यादा निष्कर्षाच्या लगतच्या वाक्यात लिहिलेली असावी.